तेरेखोलपलीकडचा सॅक्सोफोन : ब्राझ गोन्साल्विस आणि आपल्या संगीतसमीक्षेचा कान

मराठी संगीताचा इतिहास लिहिताना गोव्याचे ऋण मान्य करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ आणि त्याच मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी ही नावे घेतल्याशिवाय ना नाट्यसंगीताचे प्रकरण पुरे होते, ना ख्यालगायकीचे. या कलावंतांना आपण ‘गोव्याचे’ म्हणतो आणि त्याच दमात ‘आपले’ही म्हणतो. सिंधुदुर्गात तर हे नाते अधिकच सहज आहे. तेरेखोलची नदी ही आम्हांला सरहद्द कधी वाटलीच नाही. सोयरीक, बाजार, देवस्थाने, दशावताराची रात्र हे सारे दोन्ही तीरांवर सारखेच चालत आले.

मात्र या ऋणाच्या यादीत एक गाळलेली जागा आहे. ज्या गोव्याने देवळाच्या मंडपातून गाणे दिले, त्याच गोव्याने चर्चच्या माडीवरूनही वाजवणारे दिले. व्हायोलिन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या या ख्रिस्ती वादकांच्या दोन-तीन पिढ्या मुंबईत आल्या. त्यांनी हॉटेलांत जॅझ वाजवला, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत बसून आपल्या लाडक्या गाण्यांचे सूर वाजवले आणि निघून गेल्या. आपल्या संगीतसमीक्षेने त्यांच्याकडे क्वचितच कान दिला. प्रस्तुत लेखात ब्राझ गोन्साल्विस या जॅझ सॅक्सोफोनवादकाच्या कारकिर्दीच्या निमित्ताने या गाळलेल्या जागेचा विचार करायचा आहे. ब्राझ यांचे महत्त्व काय आणि ते ठरवण्याची आपली फूटपट्टी योग्य आहे काय, असे दोन प्रश्न येथे आहेत. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

नेवऱ्याची शाळा

ब्राझ गोन्साल्विस यांचा जन्म १९३०च्या दशकातला, तिसवाडी तालुक्यातील नेवरा गावचा. मंगेशी ज्या फोंडा तालुक्यात आहे, तो तिसवाडीचा शेजारी. म्हणजे दीनानाथांचा आणि ब्राझ यांचा मुलूख एकच, पाणी एकच. वेगळी होती ती शिक्षणाची वाट. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चच्या आश्रयाने पाठशाळा चालत. तेथे मुलांना प्रार्थनासंगीतासाठी स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. संगीत शिकवणाऱ्या गुरूला ‘मेस्त्री’ म्हणत. मेस्त्रीच्या हाताखाली मुलगा आधी कागदावरचे स्वर डोळ्यांनी ओळखून तोंडाने म्हणायला शिके, मग त्याच्या हाती वाद्य येई. आपल्या गुरुकुलात शिष्य आधी ऐकतो आणि मग म्हणतो; इथे आधी वाचायचे आणि मग वाजवायचे. या एका फरकातून पुढचे बरेच काही घडले.

या शिक्षणाची सामाजिक बाजूही लक्षात घ्यावी लागेल. वाजवण्याला घरच्या प्रतिष्ठेत मोठे स्थान नव्हते, आणि गावात वाजवून पोट भरत नव्हते. देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंत समाजातील गायिकांना ज्याप्रमाणे गाव सोडून कोल्हापूर, मिरज, मुंबई गाठावी लागली, त्याचप्रमाणे चर्चच्या शाळेत शिकलेल्या वादकालाही बोट पकडावी लागली. दोघांचे स्थलांतर एकाच कारणाने झाले. पहिल्याची कथा आपण चरित्रांतून, आठवणींतून जपली. दुसऱ्याची जपली नाही.

एकच बोट, दोन उतारू

पणजीहून मुंबईला जाणारी आगबोट वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग असे थांबे घेत जाई. मालवणच्या बंदरात बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत पोचत. त्या डेकवर गिरणीत बदलीवर लागायला निघालेला आमचा चाकरमानी वळकटीवर बसलेला असे आणि त्याच डेकवर वाद्याची पेटी सांभाळत गोव्याचा वादकही असे. मुंबईत उतरल्यावर एक परळ-लालबागच्या गाळ्यात जाई, दुसरा धोबीतलाव परिसरातल्या आपल्या गावच्या ‘कुडी’त. गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेल्या या कुडी आणि आमच्या गावमंडळांच्या खोल्या यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. तीच ट्रंकांची रांग, तीच भिंतीवरची तसबीर. एकीकडे गावदेवाची, दुसरीकडे गावच्या संताची.

त्या मुंबईत जॅझ आधीच पोचला होता. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे वादक आले. त्यांच्या हाताखाली गोव्याचे वादक बसले आणि त्यांनी हे संगीत अंगी मुरवले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवून गाजले. मिकी कोर्रेया या सॅक्सोफोनवादकाने १९३९पासून दोन दशकांहून अधिक काळ ताजमधला वाद्यवृंद सांभाळला. कावसजी खटाव नावाच्या पारशी गृहस्थाने ‘रूडी कॉटन’ हे नाव घेऊन सॅक्सोफोनवर लौकिक मिळवला. नावे बदलण्याच्या या चालीकडे हसण्यावारी पाहू नये. श्रोत्याला अमेरिका हवी होती. वादकाला पोटासाठी अमेरिकेचे नाव लावावे लागत होते. दशावतारात रात्री राजा होणारा माणूस सकाळी आपल्या शेतात उतरतो, तसेच हे.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय गिऱ्हाईक ओसरले आणि मुंबई दारूबंदी कायदा १९४९ने हॉटेलांच्या रात्री विझवल्या. वादक मोठ्या संख्येने चित्रपटाकडे वळले. स्वरलेखन वाचणारा हा वर्ग तेथे अत्यावश्यक होता. संगीतकाराला राग ठाऊक होता, चाल सुचत होती. पण पन्नास वाद्यांनी एकाच वेळी काय वाजवायचे हे कागदावर मांडणारा माणूस गोव्याचा होता. सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे चितळकर आणि चिक चॉकलेट हे हळदोण्याचे वाझ. या दोघांच्या सहवासातून १९५१च्या ‘अलबेला’तले संगीत घडले. त्यात नाचले ते गिरणी कामगाराच्या घरचे भगवानदादा. मराठी प्रेक्षकाने हा चित्रपट डोक्यावर घेतला, तेव्हा त्याने जॅझही डोक्यावर घेतला होता. फक्त त्याला ते कोणी सांगितले नाही. चिक आणि त्यांचे साथीदार या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. पण आपल्या आठवणीत उरले ते संगीतकार, गायिका आणि नायक.

ब्राझ यांची वेगळी वाट

ब्राझ गोन्साल्विस यांनी ज्या काळात नाव मिळवले, त्या काळात सॅक्सोफोनवादकासाठी चित्रपट ही सुरक्षित जागा होती. कोलकात्याहून १९५८मध्ये मुंबईत आलेले मनोहारी सिंग हे या मार्गाचे थोर उदाहरण. ‘काश्मीर की कली’मधल्या एका उदास गाण्यात (१९६४) त्यांचा सॅक्सोफोन गाण्याच्या अर्थाइतकाच बोलतो. राहुलदेव बर्मन यांच्या संगीतातले त्यांचे स्थान तर सर्वश्रुत आहे. पण चित्रपटातला सॅक्सोफोन कितीही सुरेल असला तरी त्याला काही सेकंदांची मोकळीक मिळते आणि तीही आधी लिहून दिलेली. जॅझचा प्राण मात्र त्या क्षणी सुचणाऱ्या विस्तारात असतो. मूळ चाल एकदा मांडायची आणि मग तिच्या सुरावटीच्या चौकटीत प्रत्येकाने आपापली कल्पना लढवायची.

ब्राझ यांनी हा विस्तार आपल्या कारकिर्दीच्या केंद्रस्थानी ठेवला. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर १९७०च्या दशकात लुई बँक्स, गायिका पॅम क्रेन यांच्यासह ते वाजवत. मुंबईतल्या हॉटेलांच्या मानाने तिथल्या वातावरणात गंभीर जॅझला थोडी अधिक जागा होती. त्यांच्या पत्नी इव्हॉन या गायिका आणि चिक चॉकलेट यांच्या कन्या. म्हणजे मुंबईच्या जॅझची पहिली पिढी आणि ही दुसरी पिढी एका घरात नांदली. १९७०च्या सुमारास सात जणांच्या वाद्यवृंदासह त्यांची ‘रागा रॉक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि पुढे लुई बँक्स यांच्या इंडो-जॅझ प्रयोगांत ते सहभागी झाले. त्यांत आर. ए. रमामणी यांच्या कर्नाटक पद्धतीच्या गायनाशी त्यांच्या सॅक्सोफोनचा संवाद घडला.

याच सुमारास मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. निरंजन झवेरी आणि ‘जॅझ इंडिया’ यांच्या पुढाकाराने १९७८मध्ये पहिली यात्रा भरली आणि तिच्यात सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनचा महर्षी वाजवून गेला. हेच रोलिन्स त्याआधी पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेले होते. यात्रेशी ज्याचे नाव जोडले गेले ते रंगभवन धोबीतलावला, म्हणजे जिथे गोव्याच्या वादकांच्या कुडी होत्या त्याच परिसरात. राज्य नाट्यस्पर्धांमुळे मराठी माणसालाही ते ओळखीचे. एकाच उघड्या रंगमंचावर मराठी नाटक आणि जॅझ, दोन्ही नांदले. पण नाटकाच्या प्रेक्षकाने जॅझच्या रात्री तिकडे पाहिले नाही, आणि जॅझच्या श्रोत्याने नाटकाच्या.

राग आणि कळा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ब्राझ यांच्या इंडो-जॅझचे मूल्यमापन कसे करायचे?

अडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने पॅरिसमध्ये १८४६ साली सॅक्सोफोनचे एकस्व घेतले. पितळी शंकूच्या आकाराची नळी, तोंडाशी वेताची एक जिव्हाळी आणि अंगावर कळांची जाळी. कळ दाबली की ठरावीक भोक झाकते व ठरावीक स्वर निघतो. हे स्वर समान अंतरांच्या पाश्चात्त्य सप्तकासाठी बांधलेले. दोन स्वरांमधली वाट, म्हणजे आपली मींड, कळांना ठाऊक नाही. ती ओठांच्या दाबाने, श्वासाने, अर्धवट कळ सोडून काढावी लागते. हार्मोनियमवर मींड निघतच नाही. सॅक्सोफोनवर ती निघते, पण झगडून.

हा झगडा आपल्याच किनाऱ्यावर दुसऱ्या एका वादकाने पूर्णत्वाला नेला. मंगळूर परिसरातील कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) हे नागस्वरम वाजवणाऱ्याच्या घरात जन्मले. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत बसवण्याचा ध्यास घेतला. गमकांसाठी त्यांनी वाद्याच्या कळांच्या रचनेत बदलही केले. १९८०मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी त्यांना आपल्याबरोबर वाजवायला बोलावले आणि जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. २००४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोघांना शेजारी ठेवून ऐकले तर फरक स्पष्ट होतो. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान केली. ती मांडणी इथे उसनी घेता येईल. गोपालनाथ स्वराच्या टोकाजवळ आहेत. त्यांचा सॅक्सोफोन नागस्वरमची आठवण ठेवूनच बोलतो. वाद्य परके, पण बोली घरची. ब्राझ यांचे मन लयीच्या टोकाकडे झुकलेले आहे. जॅझमधल्या लयीचे वैशिष्ट्य असे की वादक ठेक्याच्या किंचित मागे किंवा पुढे राहून वाक्य टाकतो आणि त्या ओढाताणीतून झोका निर्माण होतो. हा झोका ब्राझ यांच्या वादनाचा गाभा आहे. राग हाती घेतल्यावरही ते तो सोडत नाहीत.

म्हणूनच शुद्ध रागदारीच्या कानाला त्यांच्या इंडो-जॅझमध्ये उणे जाणवेल, आणि ते स्पष्ट सांगायला हवे. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. त्याला चलन असते, न्यासाच्या जागा असतात, कुठल्या स्वराला किती वेळ भेटायचे याची मर्यादा असते. एकोणीसशे साठच्या दशकात जगभरच्या जॅझ वादकांनी भारतीय संगीताकडे पाहिले. जॉन कोल्ट्रेन यांनी रविशंकरांच्या प्रभावातून मुलाचे नाव रवी ठेवले. लंडनमध्ये कोलकात्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी ‘इंडो-जॅझ’ हा शब्द रूढ केला. मुंबईत वाढलेले गोमंतकीय वंशाचे गिटारवादक अमान्सियो डि’सिल्व्हा यांनी हॅरियट यांच्यासह १९६९मध्ये ‘हम दोनो’ केले. या साऱ्या प्रयोगांत राग बहुधा सप्तकासारखा वापरला गेला. ब्राझ यांचे प्रयोगही या मर्यादेतून पूर्णपणे सुटलेले नाहीत. रागाचे स्वर त्यांना नवी जमीन देतात. त्या जमिनीवर ते घर जॅझचेच बांधतात.

पण याला दोष म्हणावे काय? इथे आपली फूटपट्टी तपासली पाहिजे. मराठी रसिक जॅझ वादकाला मोठेपणा देतो, तो बहुधा त्याने राग वाजवल्यावर. ‘आपल्या’ संगीताशी नाते जोडले की मग तो आपला. म्हणजे राग हा परवाना झाला. ब्राझ गोन्साल्विस यांनी एकही राग हाती घेतला नसता, तरी ते नेवऱ्याचे, कोकणी बोलणारे, याच किनाऱ्याचे वादक होते. त्यांचा जॅझ त्यांनी अमेरिकेकडून घेतला हे खरे. पण दीनानाथांच्या गाण्यातली पंजाबी ढंगाची तानबाजी पंजाबातून आली म्हणून आपण त्यांना कमी गोमंतकीय मानले का? उसने घेतलेले स्वतःचे करणे हीच कला. ब्राझ यांचे श्रेष्ठत्व त्यांच्या इंडो-जॅझमध्ये जितके शोधू, तितकेच त्यांच्या निखळ जॅझमध्येही शोधायला हवे. माझ्या मते ते तिथेच अधिक सापडते. वादकाला आपल्या भाषेत बोलायला लावून मग त्याचे व्याकरण तपासणे हा समीक्षेचा न्याय नव्हे.

आपल्याला हे परके का वाटले?

यावर एक आक्षेप रास्त आहे. जॅझ वाजत होता तो महागड्या हॉटेलांत. गिरणगावातल्या माणसाला तिथे शिरकाव नव्हता. मग त्याने तो ऐकला नाही म्हणून समीक्षेला दोष का? शिवाय इंग्रजी बोल, साहेबी पोशाख, मद्याची संगत यांमुळे हे संगीत परकेच वाटणार.

आक्षेपाचा पहिला भाग मान्य करायला हवा. पण वादक स्वतः त्या हॉटेलात मालक म्हणून नव्हता; तोही नोकरीलाच होता. मागच्या दाराने आत जाणारा, पहाटे कुडीत परतून ट्रंकेशेजारी झोपणारा. श्रोता वरच्या वर्गातला होता म्हणून वादकाला वरच्या वर्गात टाकणे ही आपली गफलत आहे. दरबारी गवयालाही श्रोता संस्थानिकच होता, तरी आपण त्याला संस्थानिक मानले नाही.

परकेपणाचा दुसरा भाग तर सिंधुदुर्गाने बोलू नये. आमच्या दशावताराची संहिता लिहिलेली नसते. संध्याकाळी आख्यान ठरते, कोण कुठले सोंग घेणार ते ठरते आणि रात्री पेटी, पखवाज, झांज यांच्या साथीने नट संवाद जागीच रचत जातो. एकाने टाकलेला शब्द दुसरा उचलतो, वाढवतो, परत करतो. समोरचा सावध नसेल तर प्रसंग पडतो. जॅझची रीत याहून वेगळी नाही. ज्याने पहाटेपर्यंत रंगलेले आख्यान पाहिले आहे, त्याला जॅझ समजावून सांगावा लागत नाही. फक्त ऐकवावा लागतो. आणि पाश्चात्त्य सुषिर वाद्यांचे म्हणाल, तर आमच्या लग्नांच्या वरातींत बँडवाले क्लॅरिनेट-ट्रम्पेट वाजवत आले आहेतच. वाद्य दारात नाचले, पण त्याचा विचार ओसरीवरही आला नाही.

उरलेले काम

ब्राझ पुढे गोव्यात परतले आणि त्यांच्या वादनात धर्मभक्तीला मोठे स्थान मिळाले. ज्या चर्चच्या स्वरांतून सुरुवात झाली, त्याच भावाकडे हे वळणे होते. भजनाकडे वळलेल्या वृद्ध गवयाकडे आपण आदराने पाहतो. तसेच इथे पाहावे.

या वादकांचा इतिहास आज लिहिला गेला आहे, पण तो इंग्रजीत. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने आधी भारतीय लग्नांतल्या बँडवर आणि मग २००८मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतल्या वादकांवर लिहिले, त्यांच्याच तोंडून हकिकती गोळा करून. नरेश फर्नांडिस यांनी २०१२मध्ये ‘ताज महल फॉक्सट्रॉट’मधून मुंबईच्या जॅझची कथा सांगितली. मराठीत अशोक दा. रानडे यांच्यासारख्या अभ्यासकाने चित्रपटगीताला गंभीर विचाराचा विषय केले खरे, पण वादकांच्या या वर्गावर स्वतंत्र, सलग मराठी लेखनाची परंपरा उभी राहिली नाही. प्यारेलाल यांनी माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या आपल्या व्हायोलिनगुरूचे नाव १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तून घराघरांत पोचवले. लोकांनी ते गंमतीचे नाव समजून म्हटले. त्या नावामागे एक गुरू आहे हे कळायला आपल्याला कित्येक वर्षे लागली.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचे नाही. मराठी चित्रपट व भावगीतांच्या ध्वनिमुद्रणांत कोण वादक होते, संयोजन कोणी केले, याची नोंद हयात माणसांना विचारून करता येईल. वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी इथल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींच्या हकिकती मालवणीत, कोकणीत टिपून ठेवता येतील. संगीत मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत एखादी संध्याकाळ या वादनाला देता येईल. आपल्या जिल्ह्याची १९८१ साली वेगळी मोट बांधली गेली, पण त्याचा कान अजून जुन्याच सरहद्दीत अडकलेला आहे. केसरबाईंसाठी तेरेखोल ओलांडताना आपल्याला कधी कष्ट पडले नाहीत. ब्राझ गोन्साल्विस यांच्यासाठी ती ओलांडायला नवी होडी लागत नाही. नदी तीच आहे, तरही तीच आहे. उतारूंच्या यादीत एक नाव वाढवायचे आहे.